मालवाहू विमानाचे वैमानिक होताना: कागदपत्रांपासून पहिल्या रात्रपाळीपर्यंत

मालवाहू विमानाचा वैमानिक आहे असे सांगितले की आमच्या साताऱ्याकडे पहिला प्रश्न हमखास येतो, ‘म्हणजे तुमच्या विमानात माणसे नसतातच का?’ असतात, दोन असतात: कॅप्टन आणि को-पायलट. त्यांच्या पाठीमागे एक भक्कम जाळी किंवा भिंत असते आणि तिच्यामागे पंधरा-वीस टन माल असतो. ऑनलाइन मागवलेले कपडे, मोबाइल, औषधे, रक्ताचे नमुने, बँकांची कागदपत्रे, यंत्रांचे सुटे भाग आणि कधीकधी एक दिवसाची कोंबडीची पिल्ले असा तो माल असतो. पिल्ले असली की इंजिने सुरू होईपर्यंत त्यांची चिवचिव कॉकपिटपर्यंत ऐकू येते.

मी गेली सात वर्षे अशाच एका लहान मालवाहू कंपनीत आहे. आधी को-पायलट होतो, आता कॅप्टन आहे. इथे पोहोचताना माझे जवळपास दीड वर्ष वाया गेले, आणि त्यातला बराचसा काळ उड्डाण न जमल्यामुळे गेला नाही, तर गोष्टी चुकीच्या क्रमाने केल्यामुळे गेला. परवाना मिळवू पाहणाऱ्या किंवा परवाना हातात असून नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी तो क्रम इथे मांडतो आहे. मजकूर भारतातील पद्धतीला धरून आहे.

१. हे काम नेमके काय आहे, ते आधी पाहून घ्या

मालवाहू सेवेचे घड्याळ उलटे चालते. दिवसभर गोळा झालेला माल संध्याकाळी विमानतळावर येतो, रात्री विमानाने दुसऱ्या शहरात जातो आणि सकाळी दुकाने उघडायच्या आत वाटपाच्या गाड्यांत भरला जातो. म्हणून वैमानिकाची हजेरी बहुधा रात्री दहा ते दोनच्या दरम्यान लागते आणि तो पहाटे पाच-सहाला मोकळा होतो. ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटे आपापल्या शहरी परतत.

आज आपल्याकडे हे काम करणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ब्लू डार्ट एव्हिएशन १९९६ पासून उडते आहे; चेन्नईला मुख्य तळ ठेवून ती आज बोइंग ७५७ आणि ७३७ चालवते. क्विकजेटची बोइंग ७३७-८०० विमाने जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉनचा माल वाहू लागली. प्रधान एअर एक्स्प्रेसने २०२२ मध्ये प्रवासी विमानाचे मालवाहू केलेले एअरबस ए३२० आणले, आणि त्याच वर्षी इंडिगोनेही तशाच रूपांतरित ए३२१ विमानांनी मालवाहतूक सुरू केली. प्रवासी कंपन्यांच्या तुलनेत इथे वैमानिकांच्या जागा फारच थोड्या निघतात, त्यामुळे ‘मला फक्त मालवाहूच हवे’ असा हट्ट धरून बसणे परवडत नाही. परवाना सर्वांसाठी सारखाच असतो. अर्ज दोन्हीकडे करावा.

लहान कंपनी म्हणजे दोन ते पाच विमाने. त्यातले एक विमान दुरुस्तीला गेले की निम्मे रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचे वेळापत्रक, कोसळते आणि उड्डाणाच्या तासांवर मिळणारा भत्ताही त्यासोबत जातो. २००९ मध्ये नागपूर हे केंद्र धरून मोठ्या अपेक्षेने सुरू झालेली डेक्कन ३६० ही मालवाहू सेवा दोनेक वर्षांतच थांबली. म्हणून मुलाखतीला जाण्याआधी कंपनीकडे किती विमाने आहेत, ती स्वतःची की भाड्याची, आणि माल एकाच ग्राहकाचा आहे की अनेकांचा, एवढे तरी विचारून घ्यावे. एकाच ग्राहकावर चालणाऱ्या कंपनीचे भवितव्य त्या ग्राहकाच्या कराराइतकेच असते.

२. एक रुपयाही भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या

प्रशिक्षणाचा खर्च आज पन्नास लाखांच्या वर सहज जातो, आणि तो बुडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आधी फी भरणे आणि मग डॉक्टरकडे जाणे. माझ्या तुकडीतील एका मुलाने पहिला हप्ता भरल्यावर तपासणी केली आणि रंगओळखीच्या चाचणीत तो अडकला. घरच्यांनी त्यासाठी शेतीचा तुकडा विकला होता.

व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता लागते. तिच्या आधी द्वितीय श्रेणीची तपासणी होते, जी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे सगळे ज्याला डीजीसीए म्हणतात त्या कार्यालयाने, मान्यता दिलेले डॉक्टर करतात. त्यानंतरची पहिली प्रथम श्रेणी तपासणी बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनसारख्या हवाई दलाच्या केंद्रांत किंवा ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांत होते. तारीख मिळायला आठवडे लागतात, त्यामुळे द्वितीय श्रेणीचा निकाल हाती येताच पुढची तारीख मागावी.

चष्मा आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. लपवालपवीचे मात्र आहे. लहानपणीची शस्त्रक्रिया, दमा, फिट, सुरू असलेली औषधे जशी असतील तशी लिहावीत. पुढे कधी उघड झाले तर परवाना धोक्यात येतो. ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा आला तर तो शेवट मानू नये. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन किंवा नाकाचे वाढलेले हाड यांसाठी तो नेहमी येतो, आणि उपचारांनंतर फेरतपासणी होते.

३. कागदपत्रे एकाच नावाने जमवा

माझे चार महिने इथे गेले, म्हणून या मुद्द्यावर थोडा जास्त वेळ थांबतो. आपल्याकडच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. आधार कार्डावर नाव आधी येते. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात जाते. त्यात भर म्हणजे माझ्या वडिलांचे नाव गुणपत्रिकेवर ‘दत्तात्रय’ आणि आधारवर ‘दत्तात्रेय’ होते, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला होता. अर्ज भरताना मी आधार समोर ठेवले आणि दहावीची गुणपत्रिका जोडली. अर्ज परत आला. दुरुस्ती करून पाठवला, तर तोवर पासपोर्टवरचे नाव तिसऱ्याच पद्धतीचे असल्याचे ध्यानात आले.

एकच नियम पाळा: दहावीच्या गुणपत्रिकेवरील स्पेलिंग हे मूळ धरा आणि आधार, पॅन, पासपोर्ट, बँकखाते सगळे त्याच्याशी जुळवून घ्या. हे काम प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी करायचे असते, कारण एकदा वैद्यकीय नोंद, परीक्षेचा क्रमांक आणि परवाना चुकीच्या नावाने निघाला की प्रत्येक ठिकाणी वेगळी दुरुस्ती करत बसावे लागते.

हाताशी ठेवण्याची कागदपत्रे अशी:

– दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असल्याचा पुरावा.
– गुणपत्रिका खरी असल्याचे विभागीय मंडळाचे पडताळणी पत्र. आमच्या भागासाठी ते कोल्हापूर विभागीय मंडळाकडून येते. हे पत्र लागते हे अनेकांना शेवटच्या आठवड्यात कळते.
– पासपोर्ट, आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा.
– वैद्यकीय पात्रतेची मूळ प्रत आणि स्कॅन.
– डीजीसीएचा परीक्षा क्रमांक, ज्याला सगळे कॉम्प्युटर नंबर म्हणतात. डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवरच्या नोंदणीत आणि या क्रमांकात नाव एकसारखेच हवे.
– पोलीस पडताळणी. नोकरी लागल्यावर विमानतळ प्रवेशपत्रासाठी सुरक्षा तपासणी होते तेव्हा ती लागते.
– उड्डाणांची नोंदवही, दर पानावर प्रशिक्षकाच्या सहीसह, आणि तिची स्कॅन प्रत.

नोंदवहीत पांढरी शाई लावू नये. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला योग्य आकडा लिहावा आणि सही घ्यावी. माझ्या माहितीतील एका मुलीला केवळ एका पानाच्या बेरजेतील फरकासाठी चाळीस पानांची बेरीज पुन्हा करून द्यावी लागली.

४. परीक्षा आणि दोनशे तास

लेखी परीक्षा हवाई दिक्चालन, हवामान, नियम आणि विमानाचे तंत्र या विषयांच्या असतात. प्रत्येक विषयात ७० टक्के गुण लागतात. रेडिओवरील संभाषणाच्या परवान्याची परीक्षा वेगळी असते; तिला आरटीआर म्हणतात. शक्य असेल तर लेखी विषय उड्डाण सुरू करण्यापूर्वीच संपवावेत. उड्डाण शाळेत राहून, पावसाने विमाने जमिनीवर असताना अभ्यास करू, असे सगळेच ठरवतात आणि फार थोडे पाळतात.

व्यावसायिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत आणि एकूण २०० तासांचे उड्डाण हवे, त्यातले १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर केलेले. किमान ३०० सागरी मैलांचा एक प्रवास, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर थांबून, एकट्याने करावा लागतो. रात्रीचे उड्डाण अवघे पाच तास मागितले आहे, त्यात दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंग. ज्यांना मालवाहूकडे जायचे आहे त्यांनी हे पाच तास कसेबसे उरकू नयेत. पुढची सगळी नोकरी अंधारात आहे, आणि काळ्याकुट्ट शेतांच्या मधोमध धावपट्टीचे दिवे दिसत असताना आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असा भास कसा होतो, हे लहान विमानात, शेजारी प्रशिक्षक बसलेला असताना समजले तर बरे.

महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, जळगाव, नागपूर इथे प्रशिक्षण चालते. शाळा निवडताना माहितीपुस्तकातील विमानांचा आकडा पाहू नये. शाळेत जाऊन दोन दिवस कुंपणाबाहेर उभे राहावे आणि प्रत्यक्ष किती विमाने उडतात ते मोजावे. आधीच्या तुकडीतल्या शेवटच्या मुलाला २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले, हा प्रश्न कार्यालयात न विचारता कँटीनमध्ये विचारावा. बहुइंजिन आणि उपकरण-उड्डाणाचे रेटिंग, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांचे विमान आणि बाहेर काही दिसत नसताना केवळ उपकरणांवर उडवण्याची पात्रता, याच टप्प्यावर पूर्ण करावे. त्यांच्याशिवाय कोणतीही कंपनी अर्जाकडे पाहत नाही.

५. टाइप रेटिंग: घाई नको आणि दलाल तर नकोच

परवाना हातात आला की लगेच फोन येऊ लागतात. ‘बोइंगचे टाइप रेटिंग करा, मालवाहू कंपनीत जागा ठरलेली आहे.’ टाइप रेटिंग म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता. ते सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, होते, लाखो रुपयांचे असते आणि त्या एकाच प्रकाराला लागू पडते. ७३७ चे रेटिंग घेतले आणि नोकरी ए३२० वाल्यांनी दिली तर ते पैसे गेले. शिवाय रेटिंग घेऊन वर्षभर त्या विमानाला हात लागला नाही, तर पुन्हा सिम्युलेटरचे पैसे भरून चाचणी द्यावी लागते.

माझे मत असे आहे की कंपनीचे लेखी निवडपत्र हातात नसताना स्वतःच्या पैशाने रेटिंग करू नये. यावर मतभेद आहेत, आणि रेटिंग असलेल्यांनाच बोलावणाऱ्या जाहिराती अधूनमधून निघतात हेही खरे आहे. तरी ‘जागा ठरलेली’ म्हणणाऱ्या माणसाला एवढेच विचारावे, की हे कंपनीच्या कागदावर लिहून मिळेल का. पुढचा फोन येत नाही.

६. निवड आणि करारपत्र

निवडीत साधारणपणे लेखी चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटरवरील परीक्षा आणि मुलाखत असते. सिम्युलेटरमध्ये तुम्ही किती सफाईने उडवता यापेक्षा चूक झाल्यावर ती बोलून दाखवता का, हे पाहिले जाते. मुलाखतीत मला विचारले होते, ‘पहाटे साडेचारला, तिसऱ्या लँडिंगच्या वेळी, कॅप्टन चुकतो आहे असे वाटले तर काय कराल?’ मी पाठ केलेले उत्तर दिले. समोरचे गृहस्थ हसले आणि म्हणाले, ‘हे पुस्तकातले झाले. तोंडातून शब्द कोणता काढाल ते सांगा.’ शब्द तयार ठेवावा.

करारपत्र रात्रभर घरी ठेवून वाचावे. त्यात चार गोष्टी शोधाव्यात: प्रशिक्षणाचा बाँड किती वर्षांचा आणि किती रकमेचा आहे, तो दरवर्षी कमी होत जातो की शेवटपर्यंत तेवढाच राहतो, कंपनीने उड्डाण दिले नाही तर दरमहा किमान किती तासांचे पैसे मिळतील, आणि मूळ कागदपत्रे कंपनी स्वतःकडे ठेवणार आहे का. शेवटच्या गोष्टीला सरळ नकार द्यावा. नोकरी सोडण्याच्या पूर्वसूचनेबाबत डीजीसीएचा २०१७ चा नियम आहे: को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष. वर्ष-दीड वर्षात दुसरीकडे जायचे मनात असेल तर हे महिने हिशेबात धरावेत.

७. कंपनीतील प्रशिक्षण आणि धोकादायक माल

रुजू झाल्यावर वर्गातील तास, सिम्युलेटर, प्रत्यक्ष विमानावरील लँडिंगचा सराव आणि मग प्रशिक्षक कॅप्टनसोबत मालासह उड्डाणे, असा क्रम असतो. वर्गातल्या विषयांपैकी धोकादायक मालाच्या विषयात मुले झोपतात, आणि मालवाहू वैमानिकाच्या दृष्टीने सर्वांत कामाचा विषय तोच आहे.

अशा मालाचे नऊ वर्ग आहेत. स्फोटके, वायू, पेट घेणारे द्रव, विषारी, किरणोत्सारी, गंजवणारे असे करत नवव्या वर्गात बाकीचे सगळे येते, आणि लिथियम बॅटऱ्या याच नवव्या वर्गात असतात. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेण्यास बंदी आहे. मालवाहू विमानातून त्या ३० टक्क्यांहून अधिक चार्ज नसतील तरच जातात. म्हणजे प्रवासी विमानाने नाकारलेला माल आपल्याकडे येतो. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका बोइंग ७४७ मालवाहू विमानात मोठ्या प्रमाणावर लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली. कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की वैमानिकांना समोरची उपकरणे दिसेनात, आणि दोघेही गेले.

बहुतेक मालवाहू विमानांच्या मुख्य डेकवर, म्हणजे माल ठेवायच्या वरच्या मजल्यावर, आग विझवणारी यंत्रणा नसते. आग दाबण्याची पद्धत म्हणजे तिथली हवा तोडणे, विमानातील दाब काढून टाकणे आणि जवळच्या विमानतळाकडे वळणे. या सगळ्याच्या आधी स्वतःचा ऑक्सिजन मास्क चढवायचा असतो. म्हणून प्रत्येक उड्डाणाच्या आधी मास्क हाताने ओढून, श्वास घेऊन, आतला मायक्रोफोन चालतो का ते पाहावे. याला पंधरा सेकंद लागतात.

धोकादायक माल चढवला असेल तर कॅप्टनला त्याची लेखी सूचना मिळते, तिला नोटॉक म्हणतात. त्यावर माल कोणत्या जागी आहे ते लिहिलेले असते. सही करण्याआधी ती जागा लोडशीटवरच्या, म्हणजे मालाचे वजन आणि मांडणी लिहिलेल्या तक्त्यावरच्या, जागेशी जुळवून पाहावी. कोरड्या बर्फाकडे विशेष लक्ष द्यावे. लसी, औषधे आणि मासळी यांच्यासोबत तो येतो, दिसायला निरुपद्रवी असतो, पण त्यातून सतत कार्बन डायऑक्साइड निघत असतो. वायुवीजन बंद ठेवून विमान बराच वेळ उभे असेल तर दार उघडताच आत शिरू नये.

८. रॅम्पवर उतरून माल बघा

रॅम्प म्हणजे विमान उभे करून माल चढवण्या-उतरवण्याची जागा, आणि पॅलेट म्हणजे ज्यावर माल बांधतात तो सपाट तळ. रूपांतरित ७३७-८०० च्या मुख्य डेकवर बारा पॅलेटच्या जागा असतात आणि ते सुमारे २३ टन माल नेते. ऑनलाइन खरेदीचा माल हलका पण फुगीर असतो, त्यामुळे जागा संपते आणि वजन शिल्लक राहते. सुटे भाग किंवा छापील कागद असेल तर उलट होते: विमान अर्धे रिकामे दिसते आणि वजनाची मर्यादा गाठलेली असते. म्हणून डोळ्यांनी पाहून वजनाचा अंदाज बांधू नये.

माझे पहिले प्रशिक्षक कॅप्टन हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे मिरजेचे. कॉकपिटमध्ये मी नकाशे लावत बसलो की ते मागे बोट दाखवून विचारायचे, ‘कुलपं मोजलीस का रे?’ प्रत्येक पॅलेट जमिनीतील खटक्यांनी अडकवलेला असतो. मराठी कामगार त्यांना कुलपेच म्हणतात. ती वर आलेली आणि बसलेली आहेत का, हे लोडिंगवाले पाहतात, पर्यवेक्षक सही करतो, आणि तरीही आपण टॉर्च घेऊन एकदा मागेपर्यंत जाऊन यायचे असते. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम इथे एका ७४७ मालवाहू विमानातील अवजड लष्करी गाडी टेक-ऑफनंतर सुटून मागे सरकली. सातही जण दगावले. माल सुटल्यावर कौशल्याला फारसा वाव उरत नाही.

एका जुलैमधली गोष्ट. पाऊस कोसळत होता आणि शेवटचा पॅलेट प्लास्टिकच्या फाटक्या आवरणाखाली बराच वेळ उघड्यावर उभा होता. लोडशीटवर त्याचे वजन १,१८० किलो होते. कॅप्टनांनी पुठ्ठ्याच्या एका खोक्याला बोटाने दाबले, बोट आत गेले. ‘परत काट्यावर घ्या,’ ते म्हणाले. पर्यवेक्षक वैतागला, कारण आधीच पंचवीस मिनिटे उशीर झाला होता. काट्यावर १,३४० भरले. १६० किलोंनी ७३७ पडत नाही. पण तो पॅलेट सर्वांत मागच्या बाजूचा होता, आणि त्याच रात्री तसे आणखी तीन पॅलेट भिजलेले निघाले. लोडशीट नव्याने काढली, ट्रिमचा, म्हणजे विमानाचा तोल साधण्याचा, आकडा बदलला आणि आम्ही पाऊण तास उशिरा निघालो. उशिराचे कारण दुसऱ्या दिवशी माझ्याकडूनच लिहून घेतले गेले, ही गोष्ट वेगळी.

नवख्यांनी लक्षात ठेवण्याची आणखी एक गोष्ट: माल चढवण्याचा आणि उतरवण्याचा क्रम ठरलेला असतो. घाईत क्रम उलटला तर शेपूट जड होऊन विमानाचे नाक उचलले जाते. शेपटीखाली आधाराचा खांब लावला असेल तर तो काढल्याची खात्री बाहेरून फेरी मारतानाच करावी. रॅम्पवर पडलेले पट्ट्यांचे तुकडे आणि प्लास्टिक इंजिनाजवळ दिसले तर कोणाला हाक मारत बसू नये; वाकून उचलावे.

९. झोपेचे नियोजन

उड्डाणाच्या आणि विश्रांतीच्या तासांवर कायद्याची मर्यादा आहे: सात दिवसांत ३५ तास, वर्षात १,००० तास. आठवड्याची विश्रांती आधी सलग ३६ तास होती, ती जुलै २०२५ पासून ४८ तास झाली. हे आकडे पाठ असावेत, कारण लहान कंपनीत रोस्टर बनवणारा माणूस एकटाच असतो आणि कधीतरी चुकतो. पण नियमाप्रमाणे विश्रांती मिळाली म्हणजे झोप झाली असे होत नाही.

पहाटे दोन ते सहा या वेळेत शरीर झोपच मागते. कॉफीने ती पुढे ढकलली जाते, फिटत नाही. पहिल्या वर्षी मी सकाळी सातला घरी येऊन आंघोळ, नाश्ता, फोन असे करत दहाला झोपायचो आणि बाराला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांनी जागा व्हायचो. आता घरी येताना गडद चष्मा लावतो, हलके खातो, आठच्या आत अंथरुणावर असतो. खिडकीला जाड काळा पडदा आणि कानात बोळे. कामावर जाण्याआधी संध्याकाळी दीड तासाची दुसरी झोप. सोसायटीत गणपतीचे ढोल सुरू झाले की दहा दिवस मित्राच्या घरी जातो; त्याबद्दल आईची नाराजी आजही आहे.

सलग रात्रींच्या मधल्या सुट्टीत दिवसाचे वेळापत्रक पूर्ण उलटवू नये, फक्त दोन-तीन तासांनी सरकवावे. थकवा इतका असेल की उड्डाण सुरक्षित नाही, तर तसे लेखी कळवण्याची तरतूद नियमांत आहे, आणि ती वापरायला लाजू नये. मी सात वर्षांत तीनदा वापरली. पहिल्या वेळी फोन करताना आवाज कापत होता.

औषधांची काळजी इथेच सांगतो. उड्डाणापूर्वी श्वासाची मद्यतपासणी होते आणि तिथे शून्याखेरीज काही चालत नाही. पहिल्यांदा सापडल्यास परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. अल्कोहोल असलेले माउथवॉश, खोकल्याचे काही औषध आणि होमिओपॅथीचे थेंब यांनीही आकडा येतो. सर्दीच्या साध्या गोळीनेही गुंगी येते. औषध घेण्यापूर्वी कंपनीच्या डॉक्टरला विचारावे.

१०. कॅप्टन होण्याची तयारी पहिल्या दिवसापासून

मोठ्या विमानाचा कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल हा वरचा परवाना लागतो: वय किमान २१, एकूण १,५०० तास आणि पुन्हा लेखी परीक्षा. रात्रीच्या तासांची अट मालवाहू वैमानिकाची काही महिन्यांतच पूर्ण होते. अडचण वेगळी असते. आमच्याकडे महिन्याला चाळीस-पंचेचाळीस तासच भरतात, तर प्रवासी कंपनीतील मित्र सत्तर करतात. म्हणून लेखी परीक्षा तास भरण्याची वाट न पाहता पहिल्या दोन वर्षांत संपवाव्यात, आणि कॅप्टनच्या देखरेखीखाली केलेल्या उड्डाणांच्या सह्या त्याच दिवशी घ्याव्यात. वर्षभराने त्या सहीसाठी निवृत्त कॅप्टनच्या गावी जावे लागलेले लोक मी पाहिले आहेत.

पहिल्या रात्रीची बॅग

परवाना, वैद्यकीय पात्रता, प्रवेशपत्र आणि पासपोर्ट एका पाकिटात. दोन टॉर्च आणि सुट्या बॅटऱ्या, त्यातील एक डोक्याला बांधायची, म्हणजे मालाच्या डेकवर हात मोकळे राहतात. परावर्तक जॅकेट, कानाचे संरक्षक, पकड असलेले बूट. पॅलेट सरकवायच्या ओल्या रोलरवर साध्या बुटांनी पाय घसरतोच. जाड मोजे आणि एक स्वेटर, कारण कॉकपिटमध्ये पायांना गार लागते. पाणी, आणि घरचा डबा. विमानात जेवण देणारे कोणी नसते आणि पहाटे तीनला विमानतळाच्या मालवाहू बाजूला एखादी चहाची टपरी सापडली तर सापडली. डबा कोरडा ठेवा, पोळीची गुंडाळी उत्तम. पहिल्या रात्री मी मटकीची उसळ नेली होती. वर हवेचा दाब कमी होताच डब्याच्या झाकणाखालून रस्सा निघाला आणि कॅप्टनांच्या नकाशांच्या पिशवीत गेला. पुढची तीन उड्डाणे कॉकपिटला गोडा मसाल्याचा वास येत होता.